‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचं!

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या दिवशीची गोष्ट. मी हजेरी घेत होते. तिसरीतली एक मुलगी जागेवरून उठली, टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, पप्पा गेले.”

मुलांनो, तुमच्या शाळेत कुणी असं म्हटलं, तर तुमच्या बाईंच्या हातातलं पेन गळून पडेल. पण आमच्या गावात या वाक्याचा अर्थ वेगळा होतो. तिचे पप्पा फौजेत आहेत. रजा संपली, काळी ट्रंक बांधली, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस पकडली आणि ते ड्यूटीवर परत गेले, एवढंच तिला सांगायचं होतं. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून तिचा चुलतभाऊ ओरडला, “ए, गेले म्हणू नको! आज्जी रागावती!”

आज्जीचं बरोबरच आहे. आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तुमच्या आईनंही तुम्हांला हे शिकवलं असेल. दप्तर पाठीला लावून तुम्ही ‘आई, जातो गं’ म्हणालात, की ती लगेच म्हणत असेल, ‘येतो म्हण!’ तुम्ही दुपारी परत येता, म्हणून हा शब्द तुमच्या लक्षात राहत नाही. पण ज्या घरातला माणूस ‘येतो’ म्हणून निघतो आणि सहा-सहा महिने येत नाही, त्या घरात हा शब्द फार जपून ठेवावा लागतो. आज आपण अशाच घरांतल्या मुलांविषयी बोलणार आहोत.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. या जिल्ह्यात फौजींची गावं पुष्कळ आहेत. अपशिंगे हे त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध. त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. देशातली पहिली सैनिकी शाळासुद्धा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. आमचं गाव एवढं नावाजलेलं नाही, पण माझ्या वर्गातल्या दर चार-पाच मुलांमागे एकाचे वडील, काका नाहीतर मामा फौजेत असतातच. प्रजासत्ताक दिनाला ही मुलं सगळ्यांत पुढे उभी राहतात. त्यांचा सॅल्यूट असा कडक, की आम्हां शिक्षकांना लाज वाटावी!

पण दिवस मावळल्यावर काय होतं? त्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. मीही बोलत नव्हते. आणि त्यातून माझ्या हातून एक चूक झाली.

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चौथीत एक मुलगा होता. वडील हवालदार. शाळा सुरू होऊन आठच दिवस झाले असतील, त्यांची रजा संपली आणि ते फील्डला गेले. दुसऱ्या दिवशी हा गडी वेळेवर शाळेत हजर! केस विंचरलेले, गृहपाठ पूर्ण. मला फार कौतुक वाटलं. मी त्याला वर्गापुढे उभं केलं आणि म्हटलं, “बघा रे, याच्याकडून शिका. जवानाचा वाघ आहे. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोही हसला.

पुढच्या सोमवारी त्याच्या पोटात दुखलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही दुखलं. मग अधूनमधून गुरुवारीसुद्धा दुखायला लागलं. आईनं आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काही सापडलं नाही. वर्गात तो नखं खायचा, ती अगदी रक्त येईपर्यंत. मी दोन-तीनदा रागावले. शेवटी एकदा दुपारच्या खिचडीच्या वेळी तो ताट तसंच ठेवून पिंपळाच्या पारावर जाऊन बसला, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ काही बोललो नाही. मग त्यानंच विचारलं, “बाई, आपण रडलो की पप्पांना गोळी लागती का?”

मला काही सुचेना. हळूहळू उलगडा झाला तो असा. निघायच्या आदल्या रात्री घरातलं कुणीतरी त्याला प्रेमानंच म्हणालं होतं, “रडू नको हं, तू रडलास तर पप्पांचं तिकडं ड्यूटीत लक्ष लागणार नाही.” मोठ्यांच्या दृष्टीनं ही समजूत होती. नऊ वर्षांच्या मुलानं त्याचं सरळ गणित मांडलं. मी रडलो की पप्पांचं लक्ष उडेल, लक्ष उडालं की गोळी लागेल. म्हणजे पप्पांचा जीव माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर! त्यात भर म्हणून बाईंनी सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मग रडायची सोयच उरली नाही. ते पाणी पोटात गेलं आणि पोट दुखायला लागलं.

मी त्याला सांगितलं, “नाही रे राजा. तुझ्या रडण्याचा आणि गोळीचा काहीसुद्धा संबंध नाही. तू इथं किती रडलास तरी पप्पांना तिकडं काही होत नाही.” त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. आणि मग जो रडला, तो शाळेची घंटा झाली तरी थांबेना. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, की त्या दिवशीच्या टाळ्या ही बाईंची चूक होती. रडू आलं तर रडायचं, त्यात वाघाचं काही कमी होत नाही. पोटदुखी काही लगेच थांबली नाही. कमी होत होत दसरा आला.

बालमित्रांनो, ‘धीर’ या शब्दाचा अर्थ आपण फार चुकीचा लावतो. ज्याला भीती वाटत नाही तो धीराचा, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. भीती वाटली, रडूही आलं, आणि तरी संध्याकाळी गृहपाठ झाला, जेवण झालं, दुसऱ्या दिवशी लगोरीत भाग घेतला, त्याला धीर म्हणतात. आणि तो जन्मतः मिळत नाही, घरात हळूहळू तयार होतो.

कसा तयार होतो, याचा शोध काही लोकांनी फार चिकाटीनं घेतला आहे. हवाई बेटांमध्ये काउआई नावाचं एक बेट आहे. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधक बाईंनी लक्ष ठेवलं. एक-दोन वर्षं नाही, ती मुलं चाळिशीची होईपर्यंत! ही काही फौजींची मुलं नव्हती. पण त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आजारपण असं बरंच काही आलेलं होतं. त्यांतलीही सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे चांगली, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. का झाली? त्यांना कुणीतरी एक मोठं माणूस भक्कम लाभलं होतं. आई-वडीलच असं नाही. आजी, मावशी, शेजारी, एखादे शिक्षकसुद्धा. आणि दुसरी गोष्ट, त्यांतल्या अनेकांवर घरातलं एखादं खरंखुरं काम सोपवलेलं होतं. ते केलं नाही तर घराचं अडेल, असं काम.

ही दुसरी गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या गावातली एक आजी आठवली. सून आजारी, मुलगा लडाखला. तिनं सहा वर्षांच्या नातीला सांगितलं होतं, “कोंबड्यांचं पाणी तुझ्याकडं.” बस! त्या पोरीला दुसरं काही समजावत बसावं लागलं नाही. शाळा सुटली की ती पळत घरी जायची, कारण कोंबड्या वाट बघत असायच्या.

इथं पालकांना एक विनंती करते. काम सोपवावं, पण मुलाच्या मापाचं सोपवावं. “आता घरातला कर्ता तूच, आईला सांभाळ,” हे वाक्य फौजींच्या घरात निघताना हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचा ऊर भरून आलेला असतो, त्यामुळे त्याला दोष देववत नाही. पण आठ वर्षांच्या मुलानं आईला सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्याला ते कळत नाही, म्हणून ते संपतही नाही. कोंबड्यांचं पाणी संपतं. भांडं भरलं की काम झालं!

आता थोडं माहितीचं बोलू. कारण माझा अनुभव असा, की मुलांना जे माहीत नसतं त्याचीच भीती जास्त वाटते.

तुमचा एखादा वर्गमित्र म्हणतो, “पप्पा फील्डला आहेत” किंवा “पीसला आहेत.” हे काय असतं? फौजेत नेमणुका साधारण दोन प्रकारच्या असतात. सीमेवर किंवा अवघड जागी, जिथं कुटुंब नेता येत नाही, ते फील्ड. छावणीच्या शहरात, जिथं क्वार्टर मिळालं तर बायकामुलांना नेता येतं, ते पीस. काही वर्षं हे, काही वर्षं ते, असा फेरा चालतो. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची आकस्मिक रजा असते. पण ती कधी घ्यायची हे पलटणीच्या कामावर ठरतं. तुमची दिवाळी आहे म्हणून सीमेवरची चौकी मोकळी ठेवता येत नाही.

फोन का लागत नाही? बऱ्याचदा साधं कारण असतं, रेंज नाही. सियाचीनचंच बघा. १९८४ पासून तिथं आपले जवान आहेत. काही चौक्या समुद्रसपाटीपासून सहा हजार मीटरहून उंच! चौकीवर जवानांची पाळी साधारण तीन महिन्यांची असते. बर्फाचं वादळ सुटलं की बोलणं दूरच, तंबूबाहेर पाऊल टाकणं मुश्कील. कधी गस्तीवर जाताना फोन जवळ ठेवायला मनाई असते. फोन आला नाही म्हणजे वाईट काही घडलं, असं मुळीच नसतं. हे मुलांना आधीच, पप्पा घरी असतानाच सांगून ठेवलं, तर पुढच्या किती रात्री सोप्या जातात!

आणि पत्र? हसू नका. फोन असतानाही पत्राचं काम वेगळं असतं. व्हिडिओ कॉलवर छोटी मुलं एकदम मुकी होतात, तुम्ही पाहिलंच असेल. “बोल ना, पप्पांशी बोल ना,” म्हणून सगळं घर मागे लागतं आणि पोरगं कॅमेऱ्याकडे नुसतं बघत राहतं. तेवढ्यात चित्र अडकतं, आवाज तुटतो. पत्र तुटत नाही. ते ट्रंकेत राहतं, पुन्हा काढून वाचता येतं.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी वर्गात पत्रलेखनाचा पाठ जरा वेगळा घेतला. ज्यांचं कुणी फौजेत आहे त्यांनी त्यांना लिहायचं, बाकीच्यांनी आपल्या मित्राच्या पप्पांना. पत्ता फळ्यावर लिहिला. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ एका मुलीनं हात वर केला, “बाई, छप्पन्न एपीओ हे गाव कुठं आलं?”

मजा अशी, की हे गाव कुठंच नाही! जवान नेमका कुठं आहे हे पाकिटावरून कुणाला कळू नये, म्हणून फौजेच्या पत्त्यात गावाचं नावच नसतं. ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. असा आकडा असतो. ५६ ची पत्रं दिल्लीच्या आणि ९९ ची कोलकात्याच्या मोठ्या फौजी टपाल कार्यालयात जमतात आणि तिथून पलटणी-पलटणींत जातात. तुमच्या पत्त्यातला पिनकोड बघा. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे एकूण नऊ विभाग आहेत. आठ विभाग नकाशावर दाखवता येतात. नववा, म्हणजे ९ या आकड्यानं सुरू होणारा, तो फौजेचा. आणि हे टपाल पोचवणाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळ कामठीला आहे. हे सगळं ऐकल्यावर ती मुलगी म्हणाली, “म्हणजे पप्पा हरवलेले नाहीत, लपवलेत!” इतकं चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पहिल्या खेपेला सगळ्यांची पत्रं एकसारखी आली. ‘आम्ही सर्व मजेत आहोत. आमची काळजी करू नये.’ मी म्हटलं, हे तर पोस्टमनलाही माहीत आहे, काहीतरी घरचं लिहा. मग गाय व्याली ते आलं, दात पडला ते आलं, चुलत्यानं बांध कोरला तेही आलं (ते मात्र मी खोडायला लावलं). एकानं लिहिलं, ‘तुम्ही आला नाही म्हणून मी स्नेहसंमेलनात नाचलो नाही. मला राग आला होता. अजून थोडा आहे.’ हे पाठवावं की नको? मी त्याच्या आईला विचारलं. तीही घुटमळली. शेवटी म्हणाली, “जाऊ दे बाई. खरं आहे ते.” तीन आठवड्यांनी त्या मुलाच्या नावावर उत्तर आलं. काय होतं ते त्यानं मला दाखवलं नाही. मीही मागितलं नाही. पण पुढच्या पत्राला तो सगळ्यांच्या आधी बसला.

एक सावधगिरी मात्र सांगायची राहिली. पप्पा कुठं आहेत, कुठल्या गाडीनं निघालेत, हे मोबाइलच्या स्टेटसवर टाकायचं नाही. फोटोसुद्धा विचारूनच टाकायचा.

आता निघण्याच्या दिवसाविषयी. पुष्कळ घरांत मुलं झोपेत असतानाच पहाटे वडील गुपचूप निघतात. रडारड नको म्हणून. मला वाटतं, यात मुलापेक्षा बापाला जास्त जपलेलं असतं! सकाळी पोरगं उठतं, खाट रिकामी. पुढचे पंधरा दिवस ते झोपायलाच तयार होत नाही, कारण झोपलं की माणसं नाहीशी होतात हे त्याला कळलेलं असतं. त्यापेक्षा चार दिवस आधी सांगावं, ट्रंक भरताना मोजे द्यायला मुलाला बसवावं, आणि उठवून, पाठीवर हात ठेवून ‘येतो’ म्हणावं. रडेल. रडू द्यावं. पण त्याला फसवलं गेलं, असं वाटणार नाही.

दिवस मोजायचे कसे, हाही प्रश्न असतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेला गोल करून ठेवायचा आणि रोज एक चौकोन खोडायचा, असं बरीच मुलं करतात. पण रजा पुढे ढकलली की तो गोल फार छळतो. आमच्या त्या तिसरीतल्या मुलीच्या आईनं वेगळी युक्ती केली. ‘किती उरले’ हे मोजायचंच नाही. रोज रात्री बरणीत एक चिंचोका टाकायचा आणि टाकताना एक गोष्ट ठरवायची, जी पप्पा आल्यावर त्यांना सांगायची. बरणी रिकामी होत नाही, भरत जाते.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती २०२५ च्या मे महिन्यात. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० मेला गोळीबार थांबला. उन्हाळ्याची सुट्टी होती. लग्नकार्यासाठी रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावणी आली. हळदीच्या अंगानं निघालेल्या जवानांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आमच्या गावात घराघरांतून टीव्ही दिवसभर चालू. नकाशे, सायरनचे आवाज, ओरडून बोलणारे निवेदक! त्यातल्या कितीतरी बातम्या दुसऱ्या दिवशी खोट्या ठरल्या. पण मुलांनी त्या पाहिलेल्या होत्या. एका घरात तर पाच वर्षांचा मुलगा टीव्हीवरच्या प्रत्येक स्फोटात पप्पांना शोधत होता.

त्याच गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. १९७१ चं युद्ध पाहिलेले. त्यांनी आपल्या घरात एक नियम केला. बातम्या संध्याकाळी सात वाजता, एकदाच, सगळ्यांनी मिळून. मग टीव्ही बंद. सुनेला म्हणाले, “काही असलं तर पलटण कळवती. टीव्हीवाला कळवत नाही.” आणि नातवंडांना घेऊन विहिरीवर पोहायला निघाले. शेजारच्या बायका म्हणाल्या, म्हाताऱ्याला काळीज नाही. पण रात्री ते एकटे ओसरीवर बसून राहत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी तिथं मुलांसाठी घरं चालवत होत्या. त्यांनी लिहून ठेवलं आहे, की बाँबच्या आवाजापेक्षा आई दुरावल्याचा त्रास मुलांना जास्त व्हायचा, आणि आई शांत असेल तर मूलही बरंचसं शांत राहायचं. मूल टीव्ही बघत नसतं, टीव्ही बघणाऱ्या आईचं तोंड बघत असतं. म्हणून आईनं आपली भीती दडपायची, असं मात्र नाही बरं का! “मलाही काळजी वाटते. पण आता आपण जेवूया,” एवढं म्हटलं तरी चालतं.

रजेवर परत येणं हा आनंदाचा दिवस. तरी त्यातही गंमत असते. सहा महिन्यांनी बाप दारात उभा राहतो आणि धाकटं लेकरू आईच्या पदराआड लपतं. बापाचा चेहरा पडतो. त्याला वेळ द्यावा, दोन-तीन दिवसांत ते खांद्यावर चढतं. मोठ्या मुलांचा प्रश्न निराळा. पप्पा पहाटे पाचला उठवतात, चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून मागतात! इतके दिवस घर आईच्या शिस्तीनं चाललेलं असतं. पहिले आठ दिवस पप्पांनी पाहुण्यासारखं राहावं, असं मी एका जवानाला सुचवलं. ते म्हणाले, “बाई, पाहुणा तर आम्ही असतोच.”

काही मुलं आईबरोबर छावणीत जातात. दर दोन-तीन वर्षांनी नवी शाळा, नवे मित्र. अशा बदलीच्या मुलांसाठीच १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयं सुरू झाली, म्हणजे गाव बदललं तरी पुस्तकं बदलत नाहीत. पण मित्र बदलतातच. असं एखादं मूल तुमच्या वर्गात आलं, हिंदीत बोलायला लागलं, ‘ळ’ म्हणता येईना, तर हसू नका. आपल्या बाकावर जागा करून द्या.

कधीकधी घरच्या मायेनं भागत नाही. आठवड्यांमागून आठवडे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, मोठं असून अंथरुण ओलं करू लागतं, खेळायचं सोडतं. मग डॉक्टरांना दाखवावं. सरकारची ‘टेली-मानस’ नावाची सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतंच. ७ डिसेंबरला तुम्ही छातीला जो छोटा ध्वज लावता आणि डब्यात पैसे टाकता, तो निधी या घरांसाठीच असतो.

आणि एक गोष्ट राहिली. ती न लिहिता हा लेख संपवला तर ते खोटं होईल. ‘येतो’ म्हणून गेलेला एखादा माणूस येत नाही. गावात शासकीय इतमामात सगळं होतं, भाषणं होतात, घोषणा होतात. सगळं गाव त्या मुलाला खांद्यावर घेतं. तेराव्यानंतर गाव आपल्या कामाला लागतं आणि मूल शाळेत येतं. त्याला ‘पप्पा लांब गेलेत’, ‘पप्पा झोपलेत’ असं सांगू नये. ते वाट बघत बसतं. जे झालं ते साध्या शब्दांत, जवळ घेऊन, त्याच्या माणसानं सांगावं, आणि ते पुन्हा पुन्हा विचारेल तेव्हा पुन्हा पुन्हा सांगावं. आणि मुलांनो, तुम्ही त्याला ‘शहिदाचा मुलगा’ म्हणून वेगळं उभं करू नका. लगोरीत तो बाद झाला तर बादच म्हणा. आमच्या शाळेत असा एक प्रसंग आला होता, तेव्हा वर्गातल्या मुलांनी हे आमच्यापेक्षा लवकर ओळखलं.

त्या तिसरीतल्या मुलीच्या पप्पांची रजा मार्चमध्ये मिळायची होती. मिळाली नाही. एप्रिलवर गेली. परीक्षेच्या आधी ती बरणी घेऊन शाळेत आली. चिंचोके गळ्यापर्यंत आले होते, झाकण काही बसेना. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, “बाई, आता काय करू?”

शाळेच्या स्वयंपाकघरात लोणच्याची मोठी बरणी रिकामी पडली होती. ती मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी धुऊन उन्हात वाळत घातली.